जुन्या घरांच्या अ‍ॅटिकमध्ये कोड कधी चढणार?

अमेरिकेत घरांच्या एनर्जी कोडवरून (म्हणजे घरातली ऊर्जा वाया जाऊ नये म्हणून केलेल्या बांधकामाच्या नियमांवरून) बिल्डर आणि ऊर्जा वाचवा म्हणणाऱ्या एनर्जीवाल्यांचं जे भांडण चालू असतं ना, त्यात अ‍ॅटिकमध्ये (छताखालच्या माळ्यावर) इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, किती घालायचं हा मुद्दा फिरून फिरून येतोच. आयईसीसी म्हणून जो मॉडेल कोड, म्हणजे राज्यांनी घ्यावी अशी नमुना नियमावली आहे, त्यात आमच्या न्यू जर्सीसारख्या थंडीच्या भागांसाठी २०१२ साली आर-४९ होतं, २०२१ ला ते आर-६० केलं आणि २०२४ ला परत आर-४९ वर आणलं. आर जितका जास्त तितकी उष्णता कमी निसटते, बाकी काही नाही. बिल्डर म्हणतात खर्च वाढतो आणि वसूल व्हायला वर्षानुवर्षं जातात, एनर्जीवाले म्हणतात घर अजून साठ-सत्तर वर्षं उभं राहणार आहे तर आत्ताच घाला. मला दोघांचंही पटतं, पण हे सगळं नव्या घरांबद्दल चाललंय आणि गरम हवा खरी पळतेय ती जुन्या घरांतून!

साधा हिशोब करून बघा. हजार स्क्वेअर फुटांचं अ‍ॅटिक, घरात ७० डिग्री फॅरनहाइट, बाहेर २०. आर-६० च्या जागी आर-४९ असलं तर तासाला साधारण १९० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) जास्त जातात. आणि जुन्या घरात जिथे साडेतीन इंचाची आर-११ ची गादी अंथरलेली असते तिथून साडेचार हजार जातात, तिथे आर-४९ केलं की ते हजारावर येतात. म्हणजे इकडे १९० वाचवायला एवढी भांडाभांडी आणि तिकडे साडेतीन हजार दर तासाला उडून चाललेत, त्याकडे कोणाचं लक्ष नाही.

आमचं घर साठच्या दशकातलं, स्प्लिट-लेव्हल, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या जिन्यांवर मजले असलेलं. घेताना इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये एक ओळ होती की अ‍ॅटिकचं इन्सुलेशन आजच्या स्टँडर्डपेक्षा कमी आहे, बस. कायद्याने त्यात काहीच चूक नाही, कारण घर ज्या काळात बांधलं त्या काळाचा कोड त्याला लागू. शेवटी कॉन्ट्रॅक्टर बोलावला आणि त्याच्या मागोमाग मीही शिडीने वर गेले. पिवळ्या फायबरग्लासवर जागोजागी काळे डाग, नवऱ्याने खालूनच विचारलं बुरशी आहे का गं? कॉन्ट्रॅक्टरने गादी उचलून दाखवलं, खाली प्लंबिंगच्या पाइपभोवती तीन बोटं जाईल एवढी फट, त्यातून घरातली गरम हवा वर्षानुवर्षं वर येतेय आणि तिच्यातली धूळ फायबरग्लासमध्ये अडकून ते काळं पडलंय. बाथरूमच्या फॅनचा पाइप तर बाहेर काढलेलाच नव्हता, सगळी वाफ थेट अ‍ॅटिकमध्ये!

त्यामुळे आधी फोम आणि कॉकने (फटी भरायच्या लुकणाने) फटी बुजवल्या, पाइप बाहेर काढला, छताच्या कडेने हवा खेळती राहावी म्हणून बॅफल (हवेला वाट ठेवणाऱ्या पट्ट्या) लावले आणि मग १४ इंच सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या लगद्याचं इन्सुलेशन, मारलं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे, फटी तशाच ठेवून वर कितीही जाड थर टाका, हवा आपली वाट काढतेच. वरच्या खोलीत झोपणाऱ्या सासूबाई आता म्हणतात, अगं दुसरी रजई लागत नाही मला. (कोणाच्या अ‍ॅटिकमध्ये अभ्रकासारखे चमकणारे हलके खडे असतील तर हात लावू नका, ते व्हर्मिक्युलाइट असतं, मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आलेल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. आधी तज्ज्ञाला दाखवा.)

आता कोडने जुन्या घराला गाठायचं कधी? छप्पर बदलताना, असं पटकन वाटतं, पण जर्सीत २०१८ पासून एक-दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घराचं छप्पर बदलायला परमिटच लागत नाही, म्हणजे तपासायला कोणी येत नाही आणि ती संधी गेली. राहिली घरविक्री. घर विकताना इथे स्मोक डिटेक्टरचं सर्टिफिकेट लागतंच, त्याच्याच जोडीला अ‍ॅटिकमध्ये किती इंच काय आहे आणि फटी बुजवल्यात का एवढं लिहून द्यायला काय हरकत आहे? ऑस्टिनमध्ये २००९ पासून दहा वर्षांहून जुनं घर विकण्याआधी एनर्जी ऑडिट करावं लागतं, मिनियापोलिसमध्ये २०२० पासून विक्रीच्या वेळी इन्सुलेशनची माहिती द्यावी लागते. विकणाऱ्यावर काम करायची सक्ती नको, वयस्कर माणसं घर विकत असतात, त्यांच्यावर खर्च कशाला टाकायचा, पण घेणाऱ्याला आकडा कळला की तो भाव करताना बोलेल, आणि गृहकर्जात हे काम बसवता येतं का तेही बघेल. त्यात २०२५ संपताना फेडरल टॅक्स क्रेडिटही गेलं, ३० टक्के, १२०० डॉलरपर्यंत मिळायचं, त्यामुळे हे आता जास्तच गरजेचं झालंय.

जर्सीत बांधकामाचा कोड राज्याचा असतो, टाउनशिपला (गावाच्या स्थानिक प्रशासनाला) आपल्या मनाने वाढवता येत नाही, म्हणून मी राज्याच्या असेंब्लीतल्या (विधानसभेतल्या) आमच्या प्रतिनिधींना याच दोन ओळींच्या सर्टिफिकेटबद्दल पत्र पाठवलंय. तुमच्यापैकी जे इकडे राहतात त्यांनीही पाठवा, आणि घर बघायला जाल तेव्हा अ‍ॅटिकचं झाकण उघडायला सांगा, एजंट घाई करत असला तरी.