चौदा यंत्रं, एक बोगदा

जुलै हा आमच्याकडे आयकर विवरणपत्रांचा महिना. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आतली खोली म्हणजे माझं ऑफिस, आणि त्या दिवसांत जेवणाच्या टेबलावरही लोकांचे फॉर्म १६ पसरलेले असतात. अशाच एका रात्री घाईघाईत एका संकेतस्थळाचा पत्ता टाइप करताना एक अक्षर चुकलं. असा पत्ताच नाही, एवढं ब्राउझरने सांगायला हवं होतं. त्याऐवजी जाहिरातींनी भरलेलं एक पान उघडलं. पुन्हा मुद्दाम काहीतरी अर्थहीन नाव टाइप केलं. पुन्हा तेच पान.

नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात, आणि ती बहुतेक घरांत इंटरनेट देणाऱ्याचीच असते. मी लॅपटॉपवर ती बदलून १.१.१.१ ही दुसऱ्या कंपनीची सेवा लावली. फरक शून्य. तेव्हा मात्र मला स्वस्थ बसवेना. १९२.०.२.१ हा पत्ता फक्त पुस्तकांत उदाहरणं देण्यासाठी राखून ठेवलेला आहे, त्या घरात कोणीच राहत नाही. मी आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत एनएसलुकअप ही डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा चालवून त्या रिकाम्या पत्त्यालाच एक नाव विचारलं. क्षणभरात उत्तर हजर! रिकाम्या घराची कडी वाजवावी आणि आतून कोणीतरी ‘ओ’ द्यावी, तसं. म्हणजे माझा प्रश्न वाटेतच कोणीतरी उचलत होतं आणि उत्तरही तेच देत होतं.

आमचं इंटरनेट इथल्याच एका केबलवाल्याकडून येतं. त्याचा डबा जिन्यात आहे, वायरी गच्चीवरून पलीकडच्या इमारतीत गेल्या आहेत. फोन केला तेव्हा ‘मॅडम, सगळीकडे असंच असतं’ असं उत्तर मिळालं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. कागदपत्रं जातात ती एचटीटीपीएसने कुलूपबंद होऊन, त्यामुळे आतला मजकूर त्याला वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कुठल्या दारावर किती वाजता गेले ते दिसतंच. लोक माझ्याकडे पॅन, बँकेचे उतारे, कर्जाचे हप्ते निर्धास्तपणे ठेवून जातात. तो विश्वास जिन्यातल्या डब्यापाशी गळू द्यायचा नव्हता.

व्हीपीएन, म्हणजे घरापासून दूरच्या एका सर्व्हरपर्यंतची कुलूपबंद वाट, घ्यायचं ठरलं. आधी वाटलं, लॅपटॉपवर एक ॲप टाकलं की झालं. मग वहीत घरातली यंत्रं लिहून काढली. चार फोन, तीन लॅपटॉप, लेकीचा टॅब, टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, दोन स्मार्ट प्लग आणि सासूबाईंचा भजनं लावणारा स्पीकर. चौदा. यातल्या जवळजवळ निम्म्यांवर ॲप टाकायची सोयच नाही. तेव्हा काम राउटरवरच करायला हवं. एकदा तिथे बोगदा खणला की घरातून निघणारं सगळं त्यातूनच जाईल.

ठाण्यात राहणाऱ्याला बोगदा समजावून सांगावा लागत नाही. पारसिकच्या रेल्वे बोगद्यात गाडी एका तोंडाने शिरते आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. डोंगरावर उभ्या असलेल्याला आतले डबे दिसत नाहीत. प्रश्न एवढाच की दुसरं तोंड कुठे काढायचं आणि तिथे पहाऱ्याला कोण. व्हीपीएन घेतल्याने विश्वास ठेवायची गरज संपत नाही. केबलवाल्यावरचा विश्वास उचलून दुसऱ्या कोणावर तरी ठेवावा लागतो.

तयार सेवा बऱ्याच पाहिल्या. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या आदेशाने भारतातल्या व्हीपीएन सेवांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवणं बंधनकारक झालं, आणि त्यानंतर बऱ्याच मोठ्या परदेशी कंपन्यांनी आपले इथले सर्व्हर उचलून नेले. त्यांच्या यादीत भारत दिसतो, पण यंत्र असतं सिंगापुरात किंवा आणखी कुठे. मला तर परदेशी पत्ता मुळीच नको होता. तिकडून गेलं की अनेक सरकारी संकेतस्थळं दारच उघडत नाहीत. म्हणून मुंबईतच एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. एक कोअर, १ जीबी मेमरी, बस्स. तो आदेश सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनाही लागू आहे, माझं नाव तिथे नोंदलेलं आहे, आणि त्याला माझी हरकत नाही. मला लपायचं नाही. मधली वायर बंद असावी, एवढंच हवं आहे.

दोन्ही टोकांना वायरगार्ड टाकलं. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेला हा व्हीपीएनचा प्रोग्रॅम मार्च २०२०मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीपासून थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच गेला. त्याचा कोड जेमतेम चार हजार ओळींचा आहे आणि मांडणी मला फार आवडली. प्रत्येक टोकाला चव्वेचाळीस अक्षरांच्या दोन किल्ल्या. एक खाते क्रमांकासारखी, ती समोरच्याला द्यायची. दुसरी सहीसारखी, ती कोणालाही द्यायची नाही. कुठला पत्ता कोणाच्या खात्यात जायचा तेही तिथेच लिहायचं. खतावणीच ती.

राउटर मात्र बदलावा लागला. हे एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करायचं काम त्याच्या प्रोसेसरवर पडतं, आणि जुन्या डब्यात १०० एमबीपीएसच्या जोडणीतून जेमतेम तीस हाती लागत होते. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालेल असा चार कोअरचा घेतला, तेव्हा वेग पूर्ववत झाला. मुंबईचा सर्व्हर जवळ असल्याने पिंग, म्हणजे जाऊन परत यायचा वेळ, पाच मिलिसेकंदांवरून नऊवर गेलं, तेवढंच.

आणि मग ताळा जुळेना.

हँडशेक, म्हणजे दोन टोकांनी एकमेकांना ओळखणं, व्यवस्थित दिसत होता. साधी पानं उघडत होती. पण बँकेचं पान अर्धवट येऊन थांबायचं, व्हॉट्सॲपचे निरोप यायचे आणि त्यातले फोटो गोल फिरत राहायचे. छोटं सगळं येतंय आणि मोठं अडतंय, हे कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पिंगने वेगवेगळ्या आकाराची डेटाची पाकिटं पाठवून पाहिली. १३५० बाइटांचं गेलं आणि परत आलं, १३९०चं गेलं ते गेलंच. (पिंगच्या आकड्यावर वेष्टनाचे आणखी २८ चढतात.) मग कागद घेतला. सर्वसाधारण पाकीट १५०० बाइटांचं. आमची जोडणी पीपीपीओई या लॉगिन करून जोडायच्या पद्धतीची आहे, तिला स्वतःसाठी ८ लागतात, उरले १४९२. सर्व्हरशी मी आयपीव्ही६ने, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीने, जोडलेली होते, त्यात वायरगार्डचं वेष्टन ८० बाइटांचं. १४९२ वजा ८०, म्हणजे १४१२. आणि वायरगार्डने आपणहून धरलेला आकडा १४२०, कारण तो पूर्ण १५०० गृहीत धरतो.

आठाचा फरक! ताळेबंदात आठ रुपये कमी आले की मी झोपत नाही, आणि इथेही नेमके आठच. एरवी पाकीट मोठं झालं तर वाटेतल्या यंत्राने ‘लहान करून पाठव’ असा निरोप मागे धाडायचा असतो, पण तो निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचत नव्हता. दोन्ही टोकांना एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १४१२ केला, राउटरच्या फायरवॉलमध्ये एमएसएस क्लॅम्पिंगची, म्हणजे पाकिटं आधीच बेताची ठेवायला सांगणारी खूण केली, आणि मघापासून फिरत असलेले फोटो एकामागून एक उघडले. त्यात भाचीच्या बारशाचे होते. नवरा बाजूला उभा राहून बघत होता.

त्याच रात्री १९२.०.२.१ला पुन्हा नाव विचारलं. दोन सेकंद, चार, सहा... वेळ संपली, उत्तर नाही. रिकाम्या घरातून आता कोणी ‘ओ’ देत नव्हतं. फार बरं वाटलं.

घरातल्या यंत्रांना आयपीव्ही६ पत्ते देणं बंद केलं, कारण माझ्या बोगद्यातून फक्त जुन्या पद्धतीचं आयपीव्ही४ जात होतं आणि बाकीचं बाहेरून सटकलं असतं. शिवाय घरातून थेट बाहेर जायची वाटच फायरवॉलमधून काढून टाकली. बोगदा बंद पडला तर काहीही उघड्यावर जाता कामा नये.

तो पडलाच. एका गुरुवारी संध्याकाळी सर्व्हर देणाऱ्याकडे काही काम निघालं आणि पाऊण तास बोगदा बंद. मी वाशीला एका अशिलाकडे. घरी सासूबाई रत्नागिरीतल्या त्यांच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलत होत्या. मावशी नुकत्याच हॉस्पिटलातून घरी आलेल्या. बोलणं मध्येच तुटलं, फोन पुन्हा लागेना, आणि तिकडे काहीतरी झालं असं वाटून आई पाऊण तास खिडकीत बसून राहिल्या. मी घरी आल्यावर त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘अगं, माझा फोनही त्यात घातलायस, हे मला सांगायचंस तरी.’

ते मनाला लागलं. मी शोधलेली नावं वाटेत कोणी न विचारता उचलतं म्हणून मी चिडले होते, आणि घरातल्या चार माणसांची वाट मीही न विचारताच बदलली होती.

त्या रविवारी चहाच्या वेळी वही घेऊन बसले आणि एकेकाला विचारलं. नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन आधीच होतं. बोगद्यात बोगदा झाल्याने त्याच्या मीटिंग अडखळत होत्या आणि तो महिनाभर निमूट सहन करत होता. तो लॅपटॉप बोगद्याबाहेर काढला. टीव्हीवरचं एक ॲप भाड्याच्या सर्व्हरचा पत्ता ओळखून चित्रपट दाखवायला नकार देत होतं, म्हणून टीव्हीही बाहेर. हे राउटरवर पीबीआर नावाच्या पॅकेजने यंत्रागणिक ठरवता येतं. लेक म्हणाली आत, कारण ती मैत्रिणींशी काय बोलते याचा कोणी अंदाजही बांधू नये. कॅमेऱ्याला कोणी मत विचारत नाही, तेव्हा त्याचं मी ठरवलं. तो सारखा परदेशातल्या कुठल्याशा पत्त्याला हाका मारत असे. त्याचं इंटरनेटच तोडलं. मी बाहेर असले की फोनवर वायरगार्ड लावून, मुंबईच्या सर्व्हरमार्गे घरात शिरून दार बघते. आमचा बाहेरचा पत्ता १००.६४च्या घरातला, म्हणजे अनेक घरांत मिळून वाटलेला, त्यामुळे एरवी बाहेरून घरात शिरताच येत नसे. ही सोय आयती मिळाली.

आईंनी बराच विचार केला. पेन्शनचं खातं त्या फोनवर बघतात, म्हणून त्यांना आत राहायचं होतं, पण बहिणीचा फोन तुटायलाही नको होता. म्हणून बोगद्याबाहेरचं दुसरं वायफाय केलं, एरवी वापरायचं नाही असं. मी नसताना काय करायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला घेतलं. ‘नेट बंद पडल्यास प्रथम राउटरवरील दिवा पाहावा,’ मी वाचून दाखवलं.

आईंनी पेन मागून घेतलं. ‘राउटर’ खोडून ‘कपाटावरचा काळा डबा’ लिहिलं, आणि खाली स्वतःच्या अक्षरात दुसऱ्या वायफायचा पासवर्ड.