गंजातून काळा रंग : आमची वाटचाल

पुण्याच्या लष्कर भागात वडिलांनी बंदूक दुरुस्तीचे दुकान थाटले, तेव्हा येणारी बहुतेक गिऱ्हाइके शिकारीची शौकीन होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती वर्दळ ओसरली आणि वाड्यांतल्या, फार्महाऊसवरच्या दुनळी बंदुका कपाटात पडून गंजू लागल्या. त्या गंजानेच आमच्या धंद्याला नवी दिशा दिली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. त्यामुळे मालकाचा परवाना पाहून नोंदवहीत नोंद केल्याशिवाय आम्ही बंदूक हातात घेत नाही आणि तिच्यावरच्या क्रमांकाला कधीही कानस लागू देत नाही.

जुनी बंदूक चकचकीत करून देणे सोपे असते, पण मोटरच्या बफावर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर, धरली की नळीच्या कडा गोल होतात, कारागिराने कोरलेली वेलबुट्टी पुसट होते आणि ती पुन्हा आणता येत नाही. म्हणून सपाट लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून लांबीच्या दिशेने हातानेच घासावे, हा वडिलांचा दंडक आम्ही आजही पाळतो.

रंगाचे काम त्याहून सबुरीचे. दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांमधली पट्टी कथील-शिशाच्या डाखाने जोडलेली असते. झटपट काळा रंग चढवण्याच्या कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात तो डाख खाल्ला जातो आणि नळ्या सुटण्याचा धोका निर्माण होतो. त्यामुळे आम्ही संथ रीतच वापरतो : तेलाचा अंशही न ठेवता नळी पुसायची, गंज आणणाऱ्या द्रावणाचा पातळ हात फिरवायचा, ओलसर पेटीत तांबूस गंज चढू द्यायचा, मग नळी स्वच्छ पाण्यात उकळायची, म्हणजे तो गंज काळा होतो, आणि वरची भुकटी मऊ तारेच्या ब्रशने झाडायची. हेच पुनःपुन्हा करत गेल्यावर खोल निळसर काळा रंग येतो. पुण्याच्या आषाढ-श्रावणातील दमट हवेत गंज झपाट्याने धरतो, तर एप्रिलच्या कोरड्या हवेत पेटीत वाफाळते पाणी ठेवावे लागते. हे तारतम्य पुस्तकातून नव्हे, हाताला कळते.

अक्रोडाच्या दस्त्यावरचे पोचे ओल्या फडक्यावर इस्त्री फिरवून, वाफेने लाकूड फुगवून वर आणले जातात आणि मग जवसाचे तेल तळहाताने मुरवले जाते. हे काम आता माझी मुलगी करते, आणि माझ्यापेक्षा नेटके करते.

लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, वेटोळी घालून घडवलेल्या डमास्कस नळ्यांवर मात्र आमचा विशेष जीव आहे. त्यांची नक्षी आम्ही उजळून देतो. पण त्या बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या काळातील असल्याने आधुनिक काडतूस त्यांत घालू नये, असे मालकाला समजावून सांगतो आणि बिलावरही लिहून देतो.