गेरच्या दिवशी अर्धं शटर

मेडिकलवर बसलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. बीपीची गोळी मागणारा माणूस रस्त्यापलीकडून ओरडतो, "बेटा, माझी टेल्मा चाळीस काढून ठेव", आणि तोच माणूस मन शांत राहायची गोळी घ्यायला आला की काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत उगाच साबणाचे भाव विचारत उभा राहतो, मग चिठ्ठी घडी करून सरकवतो, नाव आपण मोठ्याने वाचलं तर कावराबावरा होतो. एक वहिनी तर माझ्यासमोरच पट्टी फोडून गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरतात, कारण घरी सासूबाईंनी बघितलं तर "तुला काय झालंय वेड लागायला" हे सुरू होईल. मी काही म्हणत नाही. फक्त डबीवर पेनानं तारीख लिहून देते.

आमचं दुकान इंदूरच्या रामबागेत, आजूबाजूला अजून बरीच मराठी घरं आहेत, त्यामुळे ही सगळी मंडळी ओळखीचीच. आणि मी बी. फार्म करून काउंटरवर बसलेली, म्हणजे यांच्या दृष्टीनं अर्धी डॉक्टर.

तर गेल्या रंगपंचमीची गोष्ट. इंदूरबाहेरच्यांना सांगायला हवं की आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, त्या दिवशी सुट्टी असते, टोरी कॉर्नर वगैरे भागातून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, टँकर आणि मोठमोठ्या पंपांनी रंग चार मजले वर उडतो, राजवाड्याजवळ पाय ठेवायला जागा नसते. दुकानं बंद असतात पण मेडिकल पूर्ण बंद ठेवायला मला जमत नाही, कोणाचं इन्सुलिन संपतं, कोणाच्या डोळ्यात रंग जातो. म्हणून अर्धं शटर पाडून आत बसले होते, दुकानातला मुलगा गेर बघायला पळालेला.

साडेदहा-अकराच्या सुमारास शटरखालून वाकून एक काका आत आले. ओळखीचे, दर महिन्याला बीपीची गोळी आणि इसबगोल नेणारे, इथल्या हुकुमचंद कापड मिलच्या ऑफिसात क्लार्क होते. अंगावर रंगाचा एक थेंब नाही पण शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. हात थरथरत होते. काउंटरची काच धरली तर वर ठेवलेल्या खोकल्याच्या गोळ्यांची बरणी वाजायला लागली.

त्यांनी खिशातून एक कागद काढला. चक्क लॅमिनेट केलेला! कुठल्या तरी डॉक्टरांची 2014 सालची चिठ्ठी, अल्प्राझोलाम पॉइंट पाच, म्हणजे झोपेची, मन शांत करायची गोळी, रात्री एक, पंधरा दिवस. तो दवाखाना बंद होऊन जमाना झाला. पंधरा दिवसांच्या चिठ्ठीवर काकांनी दहा-अकरा वर्षं काढली होती, माझ्याकडून नाही, दुसरीकडून कुठून तरी, कुठून ते मी विचारलं नाही आणि इथे लिहिणार पण नाही. आधी एक होती, मग झोप लागेना म्हणून दोन, आणि कधीकधी दुपारी पण अर्धी.

इथे थोडं धंद्याचं सांगते. या गोळीच्या पट्टीवर लाल अक्षरात एनआरएक्स असं छापलेलं असतं, गुंगीच्या आणि मनावर परिणाम करणाऱ्या औषधांची ती खूण. ही शेड्यूल एच वन मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येते, हा नियम 2014च्या मार्चपासून लागू आहे, म्हणजे ताजी चिठ्ठी हवी, आणि पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. लोकांना वाटतं हा कागदी त्रास आहे. तसं नाहीये. ही गोळी काही दिवसांसाठी दिली तर कामाची आहे, पण महिनोन् महिने घेतली की शरीराला तिची सवय लागते, डोस वाढत जातो, आणि म्हाताऱ्या माणसांत तर रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन पडण्याची भीती, वर विसराळूपणा.

पण काकांचा त्या दिवशीचा त्रास गोळी घेतल्यानं नव्हता झाला, बंद केल्यानं झाला होता. मुलगी पुण्याहून होळीला आलेली, तिला मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ आलेला की या गोळीनं स्मृती जाते, तिनं चांगल्या मनानंच सगळ्या पट्ट्या फोडून बेसिनमध्ये वाहून टाकल्या आणि बाबांना म्हणाली विल पॉवर ठेवा. तिसरा दिवस होता. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, छातीत धडधड, पंख्याचा आवाजसुद्धा सहन होईना.

ज्याला रोजची सवय आहे त्यानं ही गोळी एकदम बंद करायची नसते. झोपेचा त्रास आणि अस्वस्थपणा आधीपेक्षा जोरात उसळून येतो, आणि काही जणांना फिट येऊ शकते. हे मी त्यांच्यासमोर बोलले नाही. स्टूल दिलं, पाणी दिलं, बीपी बघितलं, वरचं एकशे सत्तरच्या पुढे.

काका म्हणाले, "बेटा, फक्त दोन गोळ्या दे, आजच्यापुरत्या, उद्या चिठ्ठी आणतो."

आता यात काय करायचं? "चिठ्ठीशिवाय नाही" म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे आणि कायद्यानं बरोबर पण आहे, पण मला ते नुसतं "नाही" कधीच पटलेलं नाही, कारण नाही म्हटलेला माणूस घरी जाऊन शांत बसत नाही, तो पुढच्या दुकानात जातो, आणि तिथेही नाही मिळालं तर काय करेल सांगता येत नाही. आपण नाही म्हणालो तर पुढे कुठे जायचं तेही आपणच सांगायला पाहिजे. आसपासचे सगळे दवाखाने बंद. मी 14416 लावला. हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, सरकारी, फुकट, चोवीस तास चालतो, 2022च्या 10 ऑक्टोबरला सुरू झाला, भाषा निवडता येते, मराठी पण आहे. काका म्हणाले हिंदीच ठीक आहे, तीस वर्षं मिलमध्ये हिंदीतच भांडलोय.

फोन स्पीकरवर ठेवला. समोरच्या बाई शांत होत्या, घाई नाही, उपदेश नाही. किती वर्षं, किती गोळ्या, शेवटची कधी घेतली, दारू घेता का, आधी कधी फिट आलीये का, सगळं विचारलं. मग सरळ विचारलं की जगणं नको असं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का. मी दचकले खरं सांगायचं तर. बऱ्याच लोकांना वाटतं असं विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलेलं भरेल, पण तसं होत नाही, उलट विचारणारा भेटला म्हणून माणूस मोकळा होतो. काका बराच वेळ काचेकडे बघत बसले. मग म्हणाले, "मरायचं नाहीये. पण सकाळी उठायची पण काही घाई नाही."

बाईंनी सांगितलं थांबू नका, आत्ताच मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. शटर ओढलं, काकांना स्कूटीवर मागे बसवलं आणि चिमणबागेकडून फिरून एमवायला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला. राजवाड्याकडून जायचा तर प्रश्नच नव्हता. वाटेत पोरांच्या टोळक्यानं आम्हाला गाठलंच, मी ओरडले "भिया, पेशंट है", तर एकानं दुसऱ्याला मागे खेचलं आणि एकजण आमच्यापुढे गाडी घेऊन रस्ता मोकळा करत चौकापर्यंत आला. डोक्यापासून पायापर्यंत हिरवा. इंदूरचे लोक कसेही असोत, अडीनडीला येतात.

इमर्जन्सीत तपासलं, त्यांच्या देखरेखीखाली औषध दिलं, काही तास ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचार ओपीडीत यायला सांगितलं. तोवर काकू आणि मुलगी पण पोचल्या. मुलगी रडायला लागली, मी मारलंच असतं वगैरे. तिला बाजूला घेऊन सांगितलं की गोळी सोडवायची तुझी इच्छा बरोबर आहे, फक्त ती हळूहळू सोडवायची असते.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत मीही गेले, कारण काकूंना काय काय विचारायचं ते आठवलं नसतं. डॉक्टर तरुण होता. त्यानं गोळीवर बोलायच्या आधी दिनक्रम विचारला, आणि इथे मजा झाली. रात्री झोपायला कधी जाता? साडेआठ. दुपारी? जेवून दीड-दोन तास. पहाटे किती वाजता जाग येते? अडीच, पावणेतीन. म्हणजे रात्रीचे सहा तास आणि दुपारचे दोन, झाले आठ! काकांची तक्रार होती की झोपच येत नाही, आणि हिशोब घातला तर झोप पूर्ण होत होती, फक्त चुकीच्या वेळी सुरू होत होती. पहाटेपासून उजाडेपर्यंतचे तीन तास ते गादीवर छताकडे बघत पडून राहायचे आणि त्या तीन तासांसाठी गोळी खायचे.

मग साडेआठला का झोपता, हा पुढचा प्रश्न. काका म्हणाले, "जागून करू काय?"

आणि त्यावरून खरी गोष्ट निघाली. हुकुमचंद मिल बंद पडली 1991च्या शेवटी. हजारो कामगारांचे पैसे अडकले. तेव्हापासून ही माणसं लढत राहिली, कोर्टात, रस्त्यावर, रविवारी मिलच्या गेटवर मीटिंगा. काकांकडे फायली असायच्या, कुठला अर्ज कधी दिला, कोण वारलं, कोणाच्या विधवेचा कागद राहिलाय, सगळं यांच्या अक्षरात. 2023च्या डिसेंबरात शेवटी 224 कोटींचा निकाल लागला, पुढे पैसे हातात आले, लोकांनी पेढे वाटले. आणि त्याच्यानंतर काकांची झोप जास्त बिघडली. घरात कोणाला कळेना, आता तर सगळं नीट झालं, आता काय दुखतंय? बत्तीस वर्षं ज्या कामाचा त्रास होता तेच त्यांचं काम होतं. ते संपलं. रविवारी जायचं ठिकाण संपलं, फायलींचा उपयोग संपला, फोन यायचे बंद झाले. गोळ्या एकावरून दोनावर गेल्या त्या याच काळात, हे काकूंनी बोट मोजून सांगितलं.

डॉक्टरांनी वयस्क लोकांसाठीचे उदासीनतेचे प्रश्न विचारले, हो-नाही प्रकारचे पंधरा असतात ते, थायरॉईड आणि बी ट्वेल्व्हची तपासणी लिहिली कारण शाकाहारी माणसात बी ट्वेल्व्ह कमी असलं तरी मरगळ येते, आणि काकांचं कमीच निघालं. पण तेवढंच कारण नव्हतं. गोळीचं ठरलं की सावकाश, काही महिन्यांत, दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करायची. उदासीनतेसाठी वेगळं औषध सुरू केलं, त्याचा फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, हे मी काकांना तीनदा बजावलं, कारण लोक आठव्या दिवशी येऊन म्हणतात ही गोळी बेकार आहे आणि सोडून देतात.

बाकीचं सगळं बिनपैशाचं होतं. रात्री साडेदहाच्या आधी गादीकडे जायचं नाही. दुपारी झोप अर्धा तास, ती पण खुर्चीत. जाग आली आणि पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, गादीवर तळमळत राहायचं नाही. सकाळी ठरलेल्या वेळी उठायचंच, रात्र कशीही गेली तरी. चारनंतर चहा बंद. या चहावरून सगळ्यात जास्त भांडण झालं, गोळीवरून नाही.

आणि साडेआठ ते साडेदहा काय करायचं? डॉक्टर म्हणाला वाचा, टीव्ही बघा. मला ते काही खरं वाटलं नाही, टीव्ही तर बघतच होते. मीच म्हटलं काका, माझ्या दुकानाचं एच वन रजिस्टर आणि एक्स्पायरीची यादी लिहून द्याल का, माझं अक्षर इन्स्पेक्टरला वाचता येत नाही. आता ते रात्री पावणेनऊला येतात, चष्मा पुसतात, रकाने आखतात, आणि दुकानातल्या मुलाला ओरडतात की बॅच नंबर नीट वाच. ज्या रजिस्टरमुळे त्यांना गोळी मिळत नव्हती तेच आता त्यांच्या अक्षरात आहे. पहिले काही दिवस हात थरथरायचा, ओळी वाकड्या यायच्या. अधूनमधून वाईट रात्री येतातच. एकदा डोस कमी केल्यावर चार दिवस फार चिडचिड झाली तेव्हा डॉक्टरनं सांगितलं थांबा, आहे त्याच डोसवर राहू, घाई नाही. मुलगी पुण्याहून रोज फोन करते, पण आता किती गोळ्या घेतल्या हे विचारत नाही, आज रजिस्टरमध्ये काय लिहिलं ते विचारते.

गेल्या महिन्यात फॉलोअपला गेलो तेव्हा काकांची झोप सहा तासांवर, रात्री अकरा ते पाच. गोळी पाव राहिलीये. डॉक्टर खूष. आम्ही उठायला लागलो तर काकू उठल्याच नाहीत. पदराला बोटं गुंडाळत म्हणाल्या, "यांच्या येरझाऱ्यांनी मी पण दहा वर्षं झोपले नाही हो. आता हे झोपतात पण मला जागच येते. ते पंधरा प्रश्न मला पण विचाराल का?"

काका उभेच होते, परत बसले. डॉक्टरनं नवीन केसपेपर काढून आणायला सांगितलं, आणि खिडकीवरच्या रांगेत उभे राहायला काका गेले.