लिग्नाइटच्या नोंदी: थंड द्रावकात नेमकं काय सुटतं?

मंडळी, या टप्प्यात एकच प्रश्न लावून धरला होता. द्रावकामुळे लिग्नाइटची, म्हणजे कोवळ्या तपकिरी कोळशाची, रचना बदलते असं आपण सर्रास म्हणतो, पण बदलतं काय? माझं मत आता पक्कं झालंय. खोलीच्या तापमानाला कार्बन-कार्बन बंधांना धक्काही लागत नाही. फिनॉल आणि कार्बोक्सिल गटांमधले हायड्रोजन बंध सुटतात, कोळशातलं मोठ्या रेणूंचं जाळं फुगतं आणि त्यात अडकलेले लहान रेणू बाहेर पडतात.

टोल्युइनने मेण काढलं. वॉचग्लासवर द्रावक उडून गेल्यावर पिवळट-तपकिरी थर राहतो, नखाने खरवडला की पापुद्रा निघतो. लिग्नाइटमधलं हे मेण म्हणजेच माँटन मेण. जाळं मात्र जवळजवळ जसंच्या तसं, कारण टोल्युइनला हायड्रोजन बंध तोडता येत नाहीत.

डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकाची गोष्ट वेगळी. बारीक नळीत चुरा भरून सेंट्रिफ्यूज करायचा, उंचीची खूण करायची, द्रावक घालून हलवायचं, मुरू द्यायचं आणि पुन्हा तितकाच फिरवायचा. चुऱ्याची पातळी खुणेच्या बरीच वर गेली, वरचं द्रावक चहासारखं गडद झालं. मिथेनॉलमध्ये चुरा फुगला, पण इतका नाही. चुरा आधी कसा वाळवलाय हे नोंदवाच. लिग्नाइट वाळताना आक्रसतं, छिद्रं मिटतात आणि ती सगळी परत उघडत नाहीत. वाळवण्याची पद्धत वेगळी असेल तर दोघांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते आम्लाच्या धुण्याने. लिग्नाइटमध्ये कॅल्शियमचा एक आयन दोन कार्बोक्सिलेट गटांना जोडून ठेवतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने हे पूल काढले की त्याच डीएमएसओत अर्क आणखी गडद उतरतो. अवरक्त वर्णपटात १७०० प्रति सेंमीच्या आसपासची कार्बोक्सिल आम्लगटांची पट्टी वाढते आणि १५६० ते १६०० मधला कार्बोक्सिलेटचा भाग कमी होतो. ही वाढ पाहून द्रावकाने नवे आम्लगट तयार केले असा अर्थ काढू नका. गट आधीपासून होते, फक्त कॅल्शियमच्या जागी हायड्रोजन आला.

अवशेषाचा, म्हणजे द्रावकानंतर उरलेल्या चुऱ्याचा, वर्णपट वाचताना आणखी एक अडचण येते. डीएमएसओ १८९ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे चुऱ्यात चिकटून राहतं. त्याची पट्टी १०२० ते १०५० मध्ये येते, नेमकी तिथेच चिकणमातीचीही येते. शिवाय डीएमएसओ केओलिनाइट या चिकणमातीतल्या खनिजाच्या थरांमध्ये शिरतं, म्हणून ३६२० ते ३७०० मधल्या पट्ट्याही हलतात, आणि तो बदल कोळशाचा नसतो. भरपूर पाण्याने धुवा, वाळवा, वजन करा. अवशेष आणि अर्क मिळून मूळ कोरड्या चुऱ्यापेक्षा जास्त भरले, तर द्रावक आत राहिलंय असं खुशाल समजा.

हातमोजे विसरू नका. डीएमएसओ त्वचेतून आत जातं आणि विरघळलेलं सोबत नेतं. टोल्युइन धूरकपाटातच.

तापमान बरंच वाढवलं की कार्बोक्सिल गट तुटून कार्बन डायऑक्साइड निघतो, तिथे खरा रासायनिक बदल सुरू होतो. पण द्रावकात इतकं तापवायला उच्च दाबाचं भांडं लागतं, ते काम घरच्या टेबलावर करायचं नाही.

पुढे आम्लाने धुतलेला चुरा कॅल्शियम ॲसिटेटच्या द्रावणात ठेवणार आहे. पूल परत बांधले गेले तर फुगणं कमी व्हायला हवं आणि १७०० ची पट्टी खाली यायला हवी. तोच चुरा, तीच नळी, तेवढाच वेळ फिरवून बघतो.