दाढी दोरीची की चिकटवायची?

दशावतार म्हणजे तळकोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य. त्याच्या बोर्डावर राजपार्टी (राजा करणारा नट) आणि स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका करणारा) यांचीच नावं ठळक असतात. पण रात्री दोननंतर नाटक उभं ठेवतो तो ऋषी, राक्षस, प्रधान, नारद करणारा नट. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडीकडच्या कंपनीत माणसं साधारण पंधराच्या आतबाहेर. त्यातले पेटी, मृदुंग, झांजवाले वजा केले की नट उरतात आठ-दहा, आणि आख्यानात, म्हणजे त्या रात्रीच्या पौराणिक कथेत, पात्रं त्याहून जास्त. म्हणून या नटाला एका रात्रीत दोन-तीन सोंगं ठरलेलीच. त्याचं सगळं तंत्र इथूनच ठरतं, अगदी दाढीपासून.

रंगपटातली, म्हणजे नट जिथे रंगतात तिथली, दाढी दोरीची. कानांमागून दोरी नेऊन डोक्यामागे गाठ, वर जटा, की गाठ दिसत नाही. ऋषीचा राक्षस व्हायला पाच मिनिटं पुरतात. नवखा पोरगा चुकतो तो गाठ मारताना: तोंड मिटून बांधतो. मग रंगमंचावर पहिलाच शाप द्यायला जबडा उघडला की दोरी कानाला काचते, नाहीतर दाढी हनुवटी सोडून गळ्यावर येते आणि शापाला लोक हसतात. गाठ मारताना तोंड ‘आ’ करून ठेवायचं. मिशीचे केस ओठावर येत असतील तर तेवढे कातरायचे, नाहीतर ‘भस्म’ म्हणताना आधी केसच तोंडात जातात.

रंगाचंही तसंच. गॅसबत्तीच्या काळात जस्ताची पांढरी भुकटी खोबरेलात खलून जाड थर द्यायचे, कारण पिवळट उजेडात त्याशिवाय चेहरा मागच्या रांगेला दिसतच नसे. एलईडीच्या झोतात तोच थर मुखवट्यासारखा दिसतो, डोळ्यांखालची रेष गिळून टाकतो. आता पांढरं अर्ध्याहून कमी घ्यायचं आणि पिवडी, म्हणजे पिवळी रंगमाती, वाढवायची. लाल रंगाचा हिंगूळ तर सोडूनच द्यावा. त्यात पारा असतो. रोज रात्री तो गालावर चोळणं म्हणजे हौसेने दुखणं विकत घेणं.

संहिता नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा अर्थ मात्र फार थोड्यांना कळतो. आख्यान लावणारा रंगपटात कथानक सांगतो, कोण कुठे प्रवेश करणार आणि कुठे मरणार एवढंच. बाकी शब्द ज्याचे त्याने आणायचे. राजा पल्लेदार बोलतो, टाळ्या घेतो. दुय्यम नटाने आपल्या बोलण्याचा शेवट समोरच्याला पकडता येईल असा ठेवायचा. बहुतेक वेळा प्रश्न. ‘मग त्या कन्येचं दान तू कोणाच्या शब्दावर केलंस?’ असं टाकलं की समोरच्याला दुवा मिळतो. विधानावर थांबलं की संवाद पडतो आणि पेटीवाल्याला उगाच सूर धरून बसावं लागतं. घड्याळही यानेच सांभाळायचं. पहाटे दहीकाला, म्हणजे दहीहंडी फोडून होणारा शेवट, व्हायलाच हवा. चारला कथा संपत आली तर विनोदी प्रवेश ताणायचा, उशीर झाला तर युद्ध आटोपतं घ्यायचं. आणि तोपर्यंत गळा उतरलेला असतो, बारा वाजता सहज लागलेली पट्टी तीनला चढ वाटते. पेटीवाल्याला आधीच खूण करून पद अर्ध्या सुराने खाली घ्यावं. यात कमीपणा कसला?

कारकीर्द म्हणाल तर ठरलेली वाट असते. आधी आड दशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, रिद्धी-सिद्धीसारखी कामं, आवाज आणि गाल साथ देतात तोवर स्त्रीपार्ट, मग राजा जमला तर राजा, नाहीतर ही ‘इतर’ कामं, जी म्हातारपणापर्यंत पुरतात. हंगाम कार्तिकातल्या जत्रांपासून मिरगाच्या आधीपर्यंत. पावसात शेती, आणि हल्ली सभागृहातले, वेगवेगळ्या कंपन्यांतले नट एकत्र येऊन केलेले संयुक्त दशावतार.

अशा ‘इतर’ माणसाला मुख्य भूमिकेत नेऊन बसवलं मालवणी नाटकांचे नट-निर्माते मच्छिंद्र कांबळींनी. मालवण तालुक्यातलं रेवंडी त्यांचं गाव; नाट्यसंस्थेला नाव दिलं ते गावच्या भद्रकालीचंच. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ 1980 साली व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि प्रयोग पाच हजारांच्या पुढे गेले. त्यात कांबळींनी केलेला तात्या सरपंच म्हणजे दुसऱ्यांच्या चुका निस्तरत नाटक पुढे ढकलणारा माणूस. दशावतारातला दुय्यम नट रात्रभर हेच करतो! कांबळी 2007 साली गेले. त्यांची नक्कल करणारे अजून वाक्यागणिक ‘रे बाबा’ लावतात, आणि तिथेच फसतात. मालवणी हेलात आहे तशी क्रियापदातही आहे: ‘जेवूक ये’ (जेवायला ये) आणि ‘माका जेवचा आसा’ (मला जेवायचं आहे). हे ‘जेवूक’ आणि ‘जेवचा’ अदलाबदल केलं की कुडाळचा माणूस हसतो, पण विनोदाला नव्हे.

मग 2016 च्या सुमारास ‘रात्रीस खेळ चाले’ या टीव्ही मालिकेचं चित्रीकरण आकेरी गावात झालं, म्हणजे कॅमेरा सिंधुदुर्ग जिल्ह्यातच आला. दशावतारी नटाला तिथे आवाज लहान करायला सांगतात. ते दोन दिवसांत जमतं. जमत नाही ते दुसरंच. तेच वाक्य पुन्हा तसंच बोलायचं असतं. दूरून घेतलेल्या शॉटमध्ये ‘कित्याक’ (कशाला) म्हणताना उजवा हात वर गेला असेल तर जवळच्या शॉटमध्येही त्याच शब्दावर तोच हात हवा, नाहीतर संकलनात जोड बसत नाही. रोज नवे शब्द काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही शिक्षाच. उपाय एकच: पहिल्या टेकला हात कमीत कमी हलवायचे आणि जो हलवला तो सहायकाकडून विचारून घ्यायचा.

दोरीही तिथे चालत नाही, कानाजवळ लगेच दिसते. दाढी स्पिरिट गमने, म्हणजे रंगभूषेच्या डिंकाने, चिकटवावी लागते. सवयीने आधी तोंडाला खोबरेल लावलं की संपलं, गम धरत नाही. दाढीची जागा कोरडी ठेवायची, स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, गमचा पातळ हात देऊन तो बोटाला चिकट लागेपर्यंत थांबायचं आणि मगच केस ठेवून ओलसर फडक्याने दाबायचं. एप्रिलच्या घामात ओठांच्या कोपऱ्यांपासून सुटायला लागते, तिथे दर दोन तासांनी पुन्हा गम. निघताना मात्र ओढायची नाही, कातडी सोलते. कडेकडेने खोबरेल जिरवायचं, पाच मिनिटं बसायचं, दाढी आपसूक हातात येते.