स्फटिकात वायू शिरतो तरी कुठून?

स्फटिकांच्या रसायनशास्त्राबद्दल बोलायला लागले की हा प्रश्न हमखास येतो: रेणू इतके ठासून बसलेले, कुठे भोक नाही, मग वायू आत जातो कुठून? तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते.

भोकं लागतातच असं नाही. रेणू जागच्या जागी हलतात, वळतात, आणि तेवढ्यावर बरंच काही भागतं.

माझा सगळ्यात आवडता पुरावा जुना आहे. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड कर्टिन आणि इयन पॉल यांनी बेंझोइक आम्लाच्या जातकुळीतल्या आम्लांचे स्फटिक अमोनियात ठेवले आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. चपट्या स्फटिकाची मोठी सपाट बाजू तशीच राहिली. कडांकडून मात्र पांढुरकेपणा आत सरकत गेला. सपाट बाजूवर बेंझीनची वलयं असतात, तिथे अमोनियाला धरायला काहीच नाही. आम्लाचे गट कडांना उघडे पडतात. म्हणजे वायू वाटेल तिथून घुसत नाही, रेणूंच्या मांडणीने ठेवलेल्या वाटेनेच जातो, आणि ती वाट चक्क डोळ्यांना दिसते!

तो स्फटिक मात्र शेवटी अपारदर्शक होतो, एकसंध राहत नाही. 2000 साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये खेरार्ड व्हान कोटेन यांच्या गटाने त्यापुढची गोष्ट दाखवली. प्लॅटिनमच्या एका संयुगाचे रंगहीन स्फटिक सल्फर डायऑक्साइडमध्ये नारिंगी होतात, वायू काढला की परत रंगहीन. गंधक प्लॅटिनमला येऊन जोडलं जातं, तरी स्फटिकपण टिकतं. इंग्लंडमध्ये शेफील्डला ली ब्रॅमर यांच्याकडे तर तांब्याच्या संयुगाचे निळे स्फटिक हायड्रोजन क्लोराइड वायूने पिवळे झाले. तिथे वायूचा स्वतःचा बंध तुटतो: हायड्रोजन संयुगातल्या नायट्रोजनकडे, क्लोरीन तांब्याकडे. असं घन पदार्थाच्या पोटात घडतं, हे मला आजही थरारक वाटतं.

पुढचा प्रश्न ठरलेला, याचा उपयोग काय? वायू ओळखायला रंगबदल कामाचा आहेच. पण मी ऱ्होडियम या धातूचं उदाहरण देते. अल्केन (फक्त कार्बन-हायड्रोजनचं, एकेरी बंधांचं संयुग) धातूला इतकं सैल धरतं की द्रावणात विद्रावक, म्हणजे विरघळवणारा द्रव, त्याला लगेच हुसकावतो. 2012 साली अँड्र्यू वेलर आणि सहकाऱ्यांनी ऱ्होडियमच्या संयुगाच्या स्फटिकावर थेट हायड्रोजन सोडला. आतल्या नॉर्बोर्नाडाइनचं नॉर्बोर्नेन हे अल्केन झालं आणि ते ऱ्होडियमला धरूनच राहिलं. त्याला हुसकावणारा विद्रावक तिथे नव्हताच. क्ष-किरणांनी त्या जोडीची रचना मोजता आली.