दुसऱ्या ट्रॉलीचा दिवा

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी मी आणि माझा भाचा सोलापूरहून विजापूरला सायकलनं जाऊन आलो. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. गोलघुमटासमोरचे फोटो त्यानं केव्हाच सगळ्या नातेवाइकांना पाठवलेत. मला मात्र वडकबाळच्या अलीकडं जे झालं तेच सांगायचंय. तीन आठवडे झाले तरी ते डोक्यातून जात नाही.

आमच्याकडं लांब पल्ल्याची सायकल चालवायची ती दिवाळी ते शिवरात्र. पुढं पारा ४२-४३ वर जातो आणि सकाळी नऊलाच रस्त्यावर जीव नकोसा होतो. म्हणून थंडीतले रविवार मी कुणाला देत नाही. नोव्हेंबरात दोनदा तुळजापूर झालं, एकदा नळदुर्ग, एकदा नान्नजच्या माळावरून बार्शी. हत्तरसंग कुडलला गेलो तेव्हा सीना-भीमेच्या संगमावर डबा सोडला आणि देवळातला शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख पाहून आलो. हजार वर्षांपूर्वीची आपली अक्षरं घरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत, आणि मी शेहेचाळीस वर्षांची होईपर्यंत तिथं गेले नव्हते, याचं फार वाईट वाटलं.

ही सगळी तयारी जानेवारीतल्या २०० किलोमीटरच्या बीआरएमसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीसाठी होती. साडेतेरा तासांची मुदत असते. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करायची. मागं गाडी ठेवून मदत घ्यायची नाही. पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं. ही शेवटची अट मला मनापासून आवडते.

पावणेपाचला सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून निघालो. सोरेगाव गेलं, हत्तूर गेलं. सीनेच्या पट्ट्यात शिरलं की गारठा एकदम वाढतो. दोन्ही बाजूंना ऊस, भिजवलेली रानं, आणि हातमोज्यांतून आत शिरणारा वारा. भाचा अर्धा किलोमीटर पुढं होता. माझ्या दिव्याच्या उजेडात पांढरी पट्टी दिसत होती तेवढीच. आणि अचानक ती पट्टीही दिसेना. समोर ऊस होता. शेतातला नव्हे, रस्त्यावरचा! ट्रॅक्टर, त्यामागं एक ट्रॉली, तिच्यामागं दुसरी, आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मागं हातभर बाहेर आलेली उसाची टोकं. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, काही नाही. मी ब्रेक दाबून सायकल साइडपट्टीवर घातली. पडले नाही. एक वाढं गालाला ओरखडा काढून गेलं. मग बाभळीच्या काट्यांतून आठ-दहा फूट गेल्यावर मागच्या चाकाची हवा सुसू करत गेली.

पाय थरथरत होते. भाच्याला फोन केला आणि सायकल उलटी करून बसले. आता पंक्चर काढायचं तर बोटं वळेनात. चाक निघालं, पण टायर लिव्हर रिमच्या कडेला अडकवायचा तर तो दोनदा हातातून निसटला. शंभर वेळा केलेलं काम होतं हे.

रस्त्यापासून थोडं आत ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या होत्या, आठ-दहा. एका कोपीसमोर चूल पेटली होती. तिथून एक आजी ओरडली, "काय झालं ओ बाई? या हिकडं, शेका जरा. चाक बी आणा."

चाक घेऊनच गेले. ती बाजरीच्या भाकरी थापत होती. बाजूला टोपलीत पंधरा-वीस झालेल्या होत्या, कारण सहाला टोळी फडात जाते आणि भाकरी बांधून न्यायच्या असतात. तिनं माझे हात स्वतःच्या पिठाच्या हातात घेतले, "काकडल्यात की" म्हणाली आणि सरळ चुलीपुढं धरले. बिनदुधाचा, गुळाचा चहा तिनं डब्याच्या झाकणातून दिला. गाव विचारलं तर म्हणाली, पाटोद्याकडचं, बीड जिल्हा. लेक आणि सून मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. दोघांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, ते फिटेपर्यंत इथंच. ही भाकरी करायला आणि नातवंडं सांभाळायला आलेली. एक नातू तिच्या मांडीला टेकून झोपला होता, कानाला फडकं बांधून.

चहा घेतल्यावर मला कंठ फुटला, आणि फुटला तो रागानंच. त्या ट्रॉलीबद्दल मी नाही नाही ते बोलले. तेवढ्यात तोच ट्रॅक्टर पुढं कडेला लावून त्याचा ड्रायव्हर चालत आला. बरोबर भाचाही. पोरगं वीस-एकवीसचं, डोळे तांबारलेले. रात्रभर जागं होतं. मी त्यालाच धरलं.

"ताई, पुढच्या ट्रॉलीला हाय की दिवा. मागच्यापातूर वायरच न्हाई. आन् ऊस भरला की पुढचा बी झाकतोय."

"मालकाला सांगितलं नाहीस?"

"सांगिटलं. म्हनले, शिझन संपल्यावर बघू."

यावर मी काय बोलणार? आजी भाकरी उलथत म्हणाली, "आमी बी त्याच ट्रॉलीत बसून फडावर जातो ओ, लेकरं घिऊन. मागनं कुणी दडकलं तर पयले आमीच." मग माझ्या सायकलीकडं बोट करून, "त्यो तुमचा लाल दिवा केवढ्याला पडतो?"

साडेतीनशे, मी म्हटलं. तिनं नुसती मान हलवली.

मी दिवा काढून त्या पोराच्या हातात दिला. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होतो हे सांगितलं. पण उसाला तो लावायचा कसा? माझी ट्यूब व्हॉल्व्हपाशीच फाटली होती, पॅच बसलाच नसता. भाच्यानं आजीचा कोयता मागून त्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापली आणि शेवटच्या मोळीला पट्टीनं आवळून दिवा बांधला. रबर ताणलं गेलं, दिवा घट्ट बसला. मी वीस पावलं मागं जाऊन पाहिलं. लाल ठिपका मिचमिचत होता. पोरगं हसलं आणि कारखान्याकडं निघून गेलं. नवी ट्यूब भाच्यानंच बसवली, मी फक्त पंप मारला. बीआरएम असती तर? हा विचार मनात आला, पण त्या चुलीपाशी तो फारच क्षुल्लक वाटला.

पुढं उजाडेपर्यंत भाचा माझ्यामागं राहिला, कारण मागचा दिवा आता त्याच्याचकडं होता. तेरामैल, टाकळीला भीमेचा पूल, मग कन्नड पाट्या. झळकीला इडली. विजापूरच्या बऱ्याच अलीकडून गोलघुमट दिसायला लागतो आणि मग कितीतरी वेळ जवळच येत नाही. १६५६ साली पुरी झालेली ती इमारत, चव्वेचाळीस मीटर व्यासाचा घुमट, आणि मी खालच्या हिरवळीवर आडवी. वर चढायचं बळ परतीसाठी राखलं. खानावळीत कडक ज्वारीची भाकरी आणि भरलं वांगं अर्धंच खाल्लं, वाढणाऱ्या काकू मात्र मनापासून नाराज झाल्या. येताना ईशान्येचा वारा समोरून. त्या परतीबद्दल लिहायची इच्छा नाही.

पंधरा दिवसांनी बीआरएमही मुदतीत झाली. छान वाटलं. पण पुढची ३०० ची आहे, वीस तासांची, आणि तिच्यात रात्र टळत नाही. भाचा म्हणतो, मावशी, उजेडी जॅकेट घाल, मोठा दिवा घे. माझा दिवा मोठा करून समोरची ट्रॉली कशी दिसेल? शेवटच्या क्षणी दिसेल, तशी दिसलीच होती. ज्यांच्या ट्रॉल्या आहेत त्यांनी वायरचा एक तुकडा ओढला तर हे सगळं मिटतं. लाखालाखांचा ऊस वाहणाऱ्या गाडीला तेवढं करवत नाही, याचा मला अजून संताप येतो.

रिफ्लेक्टरची चिकटपट्टी आणली. ती पाचटावर धरत नाही, हे घरी दोन उसांवर करून पाहिलं. मग आमच्या गल्लीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या ताईंकडं गेले. त्यांनी उरलेल्या जाड कापडाच्या पट्ट्यांवर ती दुहेरी टीप मारून शिवून दिली, दोन्ही टोकांना नाडी. वीस नग झाले. शिलाई घेतली नाही.

गेल्या रविवारी त्या घेऊन वडकबाळला गेले. कोप्या तिथंच होत्या. आजीनं एक पट्टी हातात घेतली, टीप ओढून पाहिली, मग मोळीभोवती फिरवली. दोन्ही टोकं एकमेकांना पोचेनात.

"नाडी आखूड झाली ओ बाई," ती म्हणाली. "मोळी काय बारकी असती व्हय?"

तिच्याच दोरीनं मोळीची मापं घेतली. बारा पट्ट्या दोरी जोडून तिथंच बांधल्या. आठ परत आणल्यात, त्यांच्या नाड्या आता हातभर वाढवायला दिल्यात.